हरि नारायण आपटे : इंग्रजी ग्रंथांचे वाचक, मराठी कादंबरीचे शिल्पकार

यवतमाळ नगरीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद दोनदा लाभले. प्रथम १९७३ साली आणि नंतर जानेवारी २०१९ मध्ये. परंतु वऱ्हाडचा आणि साहित्य संमेलनाचा ऋणानुबंध याहूनही जुना आहे. १९१२ साली आमच्या शेजारच्या अकोला येथे संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपद भूषविले होते ते सुप्रसिद्ध कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी. सर्व महाराष्ट्र त्यांना हरिभाऊ या नावाने ओळखत असे. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश साहित्य मनापासून वाचून, त्यातून मिळालेले बळ मराठी माणसाच्या सुखदुःखासाठी वेचणाऱ्या या थोर लेखकाची ओळख आम्ही आज आपल्या वाचकांना करून देत आहोत.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. काही वर्षे मुंबईत काढल्यावर १८७८ च्या सुमारास ते पुण्यास आले आणि पुढे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासारखे शिक्षक तेथे होते. १८८२ साली चिपळूणकरांचे अकाली निधन झाले, तेव्हा या शिष्याने आपला शोक कवितेतून व्यक्त केला.

वाचनाचा त्यांना जणू ध्यास होता. इंग्रजी कादंबऱ्या, नाटके, निबंध जे हाती येई ते ते वाचून काढीत. आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे विकारविलसित या नावाने मराठी रूपांतर केले, तेव्हा हरिभाऊंनी विद्यार्थिदशेतच त्यावर दीर्घ टीकालेख लिहिला. गुरूच्या ग्रंथातील उणिवा त्यांनी निर्भीडपणे दाखविल्या. तरीही आगरकरांविषयीचा त्यांचा आदर कधी कमी झाला नाही. त्यांच्या कादंबऱ्यांतून पुढे आगरकरांचेच सुधारणावादी विचार घरोघरी पोहोचले.

महाविद्यालयात मात्र गणित हा विषय त्यांना आडवा आला आणि पदवी मिळविता आली नाही. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली होती. तिचे व्यवस्थापन हरिभाऊंनी अखेरपर्यंत सांभाळले. एकीकडे संस्कृत पोथ्या आणि दुसरीकडे इंग्रजी कादंबऱ्या, अशा दोन्ही जगांत ते सहजपणे वावरत असत.

लेखनाच्या आरंभी त्यांनी इंग्रजी लेखकांचे बोट धरले होते, हे मान्य केले पाहिजे. १८८५ साली प्रसिद्ध होऊ लागलेली मधली स्थिती ही त्यांची पहिली कादंबरी इंग्रज लेखक रेनॉल्ड्स यांच्या कादंबरीवरून त्यांना सुचली. म्हैसूरचा वाघ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी मेडोज टेलर यांच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधारे लिहिलेली आहे. हे टेलरसाहेब आमच्या भागालाही सर्वस्वी परके नव्हेत. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडबरोबर नळदुर्गाचा मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तेव्हा नळदुर्गचा कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला होता.

हरिभाऊ मात्र अनुकरणात अडकून पडले नाहीत. २८ ऑक्टोबर १८९० रोजी त्यांनी करमणूक हे साप्ताहिक सुरू केले. चार्ल्स डिकन्स यांच्या कादंबऱ्या इंग्लंडमध्ये अशाच नियतकालिकांतून क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आणि सामान्य वाचक पुढील भागाची वाट पाहत असत. मराठी कुटुंबांना तोच आनंद हरिभाऊंनी दिला. करमणुकीबरोबर बोध व्हावा, हा त्यांचा हेतू होता. पण लक्षांत कोण घेतो ही त्यांची अजरामर कादंबरी याच साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. यमू नावाची मुलगी आपली जीवनकहाणी स्वतःच सांगते. पती निवर्तल्यावर तिचे जबरदस्तीने केशवपन होते, तो प्रसंग वाचताना आजही डोळे पाणावतात. आत्मनिवेदनाची ही पद्धत इंग्रजी कादंबरीत रूढ होती; पण यमूचा आवाज, तिचे घर आणि तिचे दुःख हे सर्वस्वी आपल्या मातीतले आहे.

पुढे उषःकाल आणि गड आला पण सिंह गेला या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी शिवकाल जिवंत केला. वॉल्टर स्कॉट यांनी इंग्रजीत रूढ केलेला हा साहित्यप्रकार हरिभाऊंनी मराठीत दृढ केला. दुष्काळात भरडल्या जाणाऱ्या शेतकऱ्याची करुण कथाही त्यांनी काळ तर मोठा कठीण आला या नावाने लिहिली. तिचे इंग्रजी रूप रामजी या नावाने १८९७ साली लंडनमध्ये प्रकाशित झाले. ज्या देशाचे ग्रंथ वाचून हरिभाऊ घडले, त्या देशातील वाचकांपुढे त्यांनी आपल्या गरीब शेतकऱ्याची व्यथा मांडली. कापूस पिकविणाऱ्या आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या जवळून पाहिलेल्या आमच्या जिल्ह्याला या कथेचे मोल वेगळे सांगावयास नको.

इतरांचे गुण ओळखण्याचे औदार्यही त्यांच्या ठायी होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्नेही कवी केशवसुत १९०५ साली निवर्तले. त्यांच्या विखुरलेल्या कविता हरिभाऊंनी १९१७ साली ग्रंथरूपाने प्रकाशित केल्या. मराठी काव्यावर हे त्यांचे मोठेच उपकार आहेत.

१९१५ साली मुंबई विद्यापीठात मराठी भाषेवरील विल्सन व्याख्याने देण्याचा मान त्यांना मिळाला. ही व्याख्यानमाला स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ आहे. पदवी न मिळालेल्या या विद्वानाचा विद्यापीठाने असा गौरव केला. ३ मार्च १९१९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आज आमच्या धर्मग्रामांतील अनेक मुले-मुली इंग्रजी माध्यमातून शिकतात. त्यांना मराठी ग्रंथ परके वाटू लागल्याची खंत पालक आमच्याजवळ व्यक्त करतात. इंग्रजी शिकल्याने मराठी सुटलीच पाहिजे असे नाही, हे हरिभाऊंच्या चरित्रावरून दिसून येते. मात्र त्यासाठी मुलांच्या हाती मराठी पुस्तक देणारे कोणीतरी घरात हवे. सुट्टीच्या दिवसांत पालकांनी पण लक्षांत कोण घेतो मधील दोन पाने मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत, अशी आमची नम्र विनंती आहे. पुढची पाने मुले आपणहून मागतील, असा आमचा विश्वास आहे.