जॉन टिंडॉल

उन्हाळ्यातील दुपारी यावलच्या एखाद्या धाब्याच्या घरात दार लावून बसले, की झरोक्यातून उन्हाचा कवडसा आत उतरतो व त्यात असंख्य धूलिकण तरंगताना दिसतात. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे आणि पाहून सोडूनही दिले आहे. जॉन टिंडॉलने मात्र ते सोडून दिले नाही.

टिंडॉलचा जन्म १८२० साली आयर्लंडमधील एका खेड्यात झाला. वडील पोलीस शिपाई, मिळकत बेताची. जमिनीच्या व पुढे लोहमार्गांच्या मोजणीची नोकरी करून त्याने पैसा साठविला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो जर्मनीत पुन्हा विद्यार्थी झाला! १८५३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली.

वायूंवरील प्रयोगांसाठी त्याला अगदी निर्मळ हवा हवी होती. ती पारखण्यासाठी तो अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा प्रखर झोत सोडी. हवेतील वायू व पाण्याची वाफ झोतातही अदृश्य राहतात. परंतु धूळ आणि धूर यांचे कण व धुक्याचे सूक्ष्म थेंब उजळून उठतात. एकदा त्याने झोताखाली स्पिरिटचा दिवा धरला. तोच काळ्या धुराची जणू वेटोळी वर चढू लागली. स्पिरिटच्या ज्योतीला इतका धूर कोठला? विचारांती उलगडा झाला. तो धूर नव्हताच; तेथील हवेत धूळच उरली नव्हती, म्हणून ती काळी दिसत होती.

मग त्याने कोमट नळीतून झोतात श्वास सोडला. श्वासाच्या अखेरीस झोतात काळोख पडला. म्हणजे आत गेलेली धूळ फुप्फुसांतच राहिली होती! तोंडावर कापूस धरून श्वास घेतला, तेव्हा बाहेर येणारी हवा आरंभापासूनच निर्मळ होती. वेचणीच्या दिवसांत खानदेशातील घरे भरून टाकतो, तोच हा साधा कापूस. रोगांचे जंतू अशाच कणांबरोबर पसरत असावेत, असे त्याने १८७० साली व्याख्यानात सांगितले. दूषित वाफांनी रोग होतात असे मानणाऱ्या कित्येक डॉक्टरांना ते रुचले नाही.

पुढे आग विझविणाऱ्या जवानांसाठी त्याने मुखवटा तयार केला. ग्लिसरिनने ओलावलेला कापूस धुराचे कण अडवी; परंतु झोंबणाऱ्या वाफा त्यातून निसटत. त्यांच्यासाठी त्याने कोळशाच्या तुकड्यांचा थर घातला. लाकडाच्या दाट धुराने भरलेल्या कोठडीत तो मुखवटा लावून स्वतः शिरला व बराच वेळ आत राहिला.

१८९३ साली, औषध देताना घरात झालेल्या चुकीने त्याचा अंत झाला.