शब्दांना आवाज देणारा पार्लेकर

मराठी माणसाने पु. ल. देशपांडे यांना अधिक वाचले की अधिक ऐकले, हे सांगणे कठीण आहे. ‘म्हैस’, ‘अंतू बर्वा’, ‘रावसाहेब’ ही नावे उच्चारताच पुस्तकाचे पान डोळ्यांपुढे येण्याआधी एक आवाज कानात घुमू लागतो. ध्वनिपुस्तक हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी पुलंनी आपले साहित्य स्वतःच्या आवाजात घरोघर पोहोचवले होते. त्यांच्यातील लेखकाचे कौतुक उदंड झाले. नटाचे मात्र त्या मानाने कमीच.

८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी येथे जन्मलेल्या पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत आणि पुढे विलेपार्ल्यात गेले. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. नातवाने शाळेत म्हणून दाखवावे यासाठी त्यांनीच त्याला छोटेसे भाषण लिहून दिले होते. पार्ले टिळक विद्यालय आणि जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ महाविद्यालय येथे शिक्षण सुरू असतानाच पेटीवर हात बसला आणि नाट्यसंगीताने कान तयार झाला. हा कान त्यांना जन्मभर पुरला. बोलण्यातही लय आणि सम असते, याचे भान त्यांना या तयारीतून आले असावे.

कारकुनी, शिक्षकी, प्राध्यापकी असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’मध्ये रंगभूमीची उमेदवारी झाली. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मध्ये तर कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशी सारी आघाडी त्यांनी एकट्याने सांभाळली. परंतु १९५५ मध्ये आकाशवाणीत प्रवेश झाला, तो अधिक महत्त्वाचा. मायक्रोफोनपुढे चेहरा, हातवारे, वेशभूषा यांचा काहीही उपयोग नसतो. सारा अभिनय कंठातून करावा लागतो.

त्या साधनेचे फळ १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’च्या एकपात्री प्रयोगातून रसिकांपुढे आले. रंगमंचावर नट एकच. पण त्रिलोकेकर, अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर असे सारे बिऱ्हाडकरू एकामागून एक अवतरत. पुढे ‘असा मी असामी’ने हीच वाट रुंद केली. १९६६ मध्ये पद्मश्री आणि त्यापुढच्या वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

ध्वनिफितींतील पुलं ऐकताना लक्षात येते, की त्यांनी नक्कल क्वचितच केली. अंतू बर्व्याची रत्नागिरी सानुनासिक उच्चारांतून आणि तिरकस थांब्यांतून उभी राहते. रावसाहेबांच्या मराठीला बेळगावच्या कानडीचा हेल आहे, तर पेस्तनकाकांच्या मराठीला पारशी वळण. हसू येते ते उच्चारांना. माणसाला मात्र त्यांनी कधी हास्यास्पद होऊ दिले नाही. अंतूच्या खवचटपणामागचे एकाकीपण छापील पानावरही आहेच. पण एखादे वाक्य संपवून पुलं क्षणभर गप्प राहतात, तेव्हा ते अधिक बोचते. हशा कुठे पिकणार हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि कुठे पिकू द्यायचा नाही हेही.

इतरांच्या शब्दांनाही त्यांनी हाच न्याय दिला. सुनीताबाईंसमवेत त्यांनी बा. भ. बोरकर आणि बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम केले. विनोदासाठी आलेला श्रोता तिथे गंभीर कवितेपुढे निमूटपणे बसत असे. प्रयोगांच्या शिस्तीचे श्रेय बव्हंशी सुनीताबाईंचे. या साऱ्यातून आलेल्या पैशाचा मोठा वाटा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमार्फत समाजकार्याकडे वळला. पुण्याचे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले, त्यामागेही हे बळ होते.

हा आवाज केवळ करमणुकीपुरता राहिला नाही. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत सत्तेच्या विरोधात पुलंनी सभा गाजवल्या. राजकारणाच्या वाऱ्याला उभे न राहणाऱ्या लेखकाने हे करणे म्हणजे लोकप्रियता पणाला लावणे होते. ती त्यांनी लावली.

अखेरच्या वर्षांत पार्किन्सनच्या विकाराने शरीर थकवले. नटाच्या दृष्टीने याहून क्रूर आजार नाही. १९९६ मध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारताना त्यांचे भाषण सुनीताबाईंनी वाचून दाखवले. त्यातील सत्ताधाऱ्यांना झोंबलेल्या विचारांवरून वादळ उठले. कंठ साथ देत नसला, तरी म्हणायचे ते पुलंनी म्हटलेच होते.

१२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तो त्यांच्या लग्नाचा चौपन्नावा वाढदिवस होता. ध्वनिफितींनंतर सीडी आल्या, सीडीही गेल्या, आणि ‘म्हैस’ मोबाइलवर पोहोचली. बोरिवली लोकलच्या गर्दीत कानाला यंत्र लावून एखादा प्रवासी अकारण हसताना दिसतो, तेव्हा शेजारच्याला बहुधा कारण विचारावे लागत नाही.