वीस वर्षं गुरूसाठी, पंचवीस वर्षं तालमीत : केसरबाई केरकर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं केरी हे केसरबाई केरकरांचं गाव. जन्म १३ जुलै १८९२. कलावंत समाजातलं घर, त्यामुळे गाणं कानावर होतंच. पण पक्की तालीम घरबसल्या मिळणारी नव्हती. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा घरच्यांनी तिला घेऊन कोल्हापूर गाठलं. आज हा काही तासांचा रस्ता. तेव्हा बिऱ्हाडच हलवावं लागे.

कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकणं सुरू झालं आणि वर्षाच्या आत थांबलंही. पुन्हा गोवा. तिथं रामकृष्णबुवा वझे भेटले, पण बुवा गोव्यात आले तरच शिकवणी. सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबई. तिथं सतारिये बरकतुल्ला खाँ, पुढे भास्करबुवा बखले. सगळे मोठे, पण कुणाचाच सहवास फार काळ लाभला नाही. अशी वीस वर्षं गेली.

१९२१ साली जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला. बाई तेव्हा एकोणतिशीला आलेल्या. या वयात गवई नाव कमवायच्या मागे असतो. यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मोकळा आकार, लयीला धरून वळत जाणारी तान, अवघड जोडराग. हे नुसतं ऐकून उचलता येत नाही, रोज तासन्तास घोटावंच लागतं. खाँसाहेब १९४६ मध्ये वारले, तोवर शिकणं चालू होतं. बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. देशभर नाव झालेलं, तरी खाँसाहेबांपुढे शिष्याच.

द्यायच्या बाबतीतही त्यांना घाई नव्हती. काही जण याला हट्ट म्हणत, आणि थोडा होताही. ध्वनिमुद्रिका मोजक्याच केल्या. शिकवलं म्हणावं तर धोंडूताई कुलकर्णींना. बाकी कुणाला फारसं जवळ केलं नाही. साठच्या दशकात आवाज शाबूत असतानाच जाहीर गाणं बंद केलं. पद्मभूषण मिळालं ते त्यानंतर, १९६९ मध्ये.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या. त्याच्या थोडंच आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, अमेरिकेची दोन व्हॉयेजर यानं अवकाशात सुटली होती. त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत जगभरातलं निवडक संगीत आहे, आणि त्यात केरीच्या या बाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी.