नेटी स्टीव्हन्स : वाय गुणसूत्राच्या शोधकर्त्या

मुलगा की मुलगी, हे कशावरून ठरते? विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक शास्त्रज्ञ या प्रश्नाचे उत्तर आहार, तापमान अशा बाह्य कारणांत शोधत होते. ते पेशीच्या अंतरंगात दाखवून देणाऱ्या नेटी मारिया स्टीव्हन्स यांचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. वडील सुतारकाम करीत. शिक्षिकेची नोकरी करून नेटी यांनी पैसे साठवले आणि १८९६ मध्ये, पस्तिशीत, स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयातून १९०३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. थॉमस हंट मॉर्गन हे तेथील त्यांचे शिक्षक. नेपल्स येथील प्राणिशास्त्र केंद्रात आणि जर्मनीत थिओडोर बोव्हेरी यांच्याकडेही त्यांनी अभ्यास केला.

कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने त्यांनी पिठात होणाऱ्या किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी लहान. साहजिकच निम्म्या शुक्रपेशींत १० मोठी गुणसूत्रे येत, तर उरलेल्या निम्म्यांत ९ मोठी व ते एक लहान. पहिल्या प्रकारच्या शुक्रपेशीपासून मादी, तर दुसऱ्या प्रकारच्या शुक्रपेशीपासून नर निपजतो, असा निष्कर्ष त्यांनी १९०५ मध्ये मांडला. हे लहान गुणसूत्र म्हणजेच आजचे ‘वाय’.

एडमंड विल्सन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे असेच संशोधन प्रसिद्ध केले. मात्र बाह्य परिस्थितीचा प्रभाव त्यांनी पूर्णतः नाकारला नव्हता. स्टीव्हन्स यांची भूमिका अधिक ठाम होती. तरीही शोधाचे श्रेय पुढे बहुतांशी विल्सन आणि मॉर्गन यांच्याच पदरात पडले. ब्रिन मॉरने त्यांच्यासाठी संशोधन-प्राध्यापकपद निर्माण केले; पण ते स्वीकारण्यापूर्वीच ४ मे १९१२ रोजी स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५० वर्षे. संशोधनाची कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची, तरी जवळपास ४० शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

फळमाशीत नर होण्यासाठी ‘वाय’ची गरज नसते, हे नंतर आढळले आणि सस्तन प्राण्यांतही तसेच असावे, असा समज रूढ झाला. तो उंदराने खोडून काढला. एकच ‘एक्स’ असलेला आणि ‘वाय’ नसलेला उंदीर मादीच असतो, हे १९५९ मध्ये वेल्शन्स आणि लिआन रसेल यांनी दाखवले. मग ‘वाय’च्या नेमक्या कोणत्या भागात ही किमया आहे, याचा शोध सुरू झाला. गुणसूत्राचे तुकडे ताडून पाहत संशोधक माणसाच्या ‘वाय’च्या आखूड भुजेवरील एका जनुकापर्यंत पोहोचले. १९९० मध्ये ‘एसआरवाय’ हे ते जनुक सापडले. पुढच्याच वर्षी दोन ‘एक्स’ असलेल्या उंदराच्या भ्रूणात ते घातले असता नर जन्मला. मात्र त्याच्यात शुक्राणू तयार होत नव्हते. म्हणजे नर घडवण्यास हे एक जनुक पुरेसे होते, पण प्रजननक्षमतेसाठी ‘वाय’वरील इतर जनुकेही लागतात.

मुलगी झाली म्हणून आईला बोल लावणाऱ्या समाजाला स्टीव्हन्स यांच्या किड्याने १९०५ मध्येच उत्तर दिले होते. हा निर्णय पित्याच्या शुक्रपेशीत होतो. ते उत्तर अजून सर्वांपर्यंत पोहोचलेले नाही, हीच खंत.