लिख्टेनबर्ग: विजेची सही आधी धुळीत पाहणारा माणूस

मे संपता संपता किंवा परतीच्या पावसात अलिबाग, रेवदंडा, मुरूडच्या किनाऱ्यावर कसे ढग भरून येतात, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. आता समजा, अशा एका संध्याकाळनंतर पुळणीवर एक माणूस मेलेला सापडला. बघणारं कोणी नाही. शर्ट टराटरा फाटलेला, एक चप्पल दूर उडालेली. गावात लगेच कुजबुज सुरू होते: मारामारी झाली असणार.

पोस्टमॉर्टेम करणारा डॉक्टर मात्र त्या माणसाची पाठ, छाती, खांदे नीट बघतो. तिथे तांबूस, फांद्या फुटलेली, फर्नच्या पानासारखी नक्षी दिसली तर गोष्ट बदलते. ही विजेची खूण. तिला म्हणतात लिख्टेनबर्ग आकृती.

ज्याच्या नावाने ती ओळखली जाते, त्या गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्गला ती माणसाच्या अंगावर नाही, धुळीत सापडली होती.

त्याचा जन्म १७४२चा, जर्मनीत डार्मस्टाटजवळचा. वडील पाद्री, सतरा भावंडांत हा सगळ्यात धाकटा. लहानपणापासून पाठीला कुबड, उंची जेमतेम, आणि नवव्या वर्षी वडील गेले. शिकायला ग्योटिंगेनला गेला आणि तिथेच भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. नुसतं फळ्यावर न शिकवता तो वर्गात प्रयोग करून दाखवायचा, त्यामुळे त्याचे वर्ग भरलेले असत. डोक्यात येईल ते वह्यांमध्ये खरडून ठेवायची सवय होती. त्या वह्यांमुळे जर्मन साहित्यातही त्याचं नाव आहे, पण आपला विषय वीज.

१७७७ साली त्याने स्थिर वीज साठवणारं एक भलंमोठं उपकरण बनवलं. धातूच्या थाळीत राळेचा थर आणि वरून धातूचं झाकण, सगळं मिळून जवळजवळ दोन मीटर रुंद. राळ घासून गुळगुळीत करताना खोलीभर बारीक धूळ उडाली होती. ती नंतर उपकरणावर बसत राहिली, आणि बसली ती सारखी पसरून नाही. ठिकठिकाणी चांदण्यांसारखे आकार तयार झाले. दुसऱ्या कोणी फडकं मारलं असतं. हा बघत बसला. मग मुद्दाम ठिणग्या पाडून त्याने वेगवेगळे आकार काढले. एका प्रकारच्या विजेचे आकार लांब फांद्यांचे, दुसऱ्या प्रकारचे गोलसर. या दोन प्रकारांना त्याने धन आणि ऋण चिन्हं दिली. पॉवर बँकच्या सेलवर दिसणारं + आणि − तिथून आलं.

पुढे चिकट कागद दाबून त्याने ते धुळीचे ठसे उचलून घेतले. फोटोकॉपी मशीन आणि लेझर प्रिंटर आजही याच तत्त्वावर चालतात: भारित पृष्ठभागावर पावडर चिकटवायची आणि ती कागदावर उतरवायची. (आणि हो, ए४ कागदाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण किती सोयीचं, हेही त्याने १७८६च्या एका पत्रात लिहून ठेवलंय!)

विजेशी खेळणं म्हणजे काय, हे तेव्हाच्या शास्त्रज्ञांना चांगलं माहीत होतं. लिख्टेनबर्ग अकरा वर्षांचा असताना, १७५३मध्ये, सेंट पीटर्सबर्गला रिखमान हा शास्त्रज्ञ प्रयोग करताना विजेने गेला होता. कपाळावर लाल डाग आणि फाटलेला बूट, एवढ्या खुणा मागे राहिल्या. लिख्टेनबर्गने ग्योटिंगेनला आपल्या बागेतल्या घरावर वीजवाहक बसवून घेतला. १७९९मध्ये तो वारला.

अंगावरच्या नक्षीला त्याचं नाव मिळालं ते निव्वळ साम्यामुळे. एकेकाळी लोकांना वाटायचं, वीज जवळच्या झाडाचा फोटोच अंगावर छापते. तसं काही नसतं, आणि नक्षी म्हणजे भाजणंही नव्हे. कातडी जळलेली नसते. ती नेमकी कशी उमटते यावर अजून वाद आहेत. बहुतेक वेळा ती तासाभरात दिसते आणि एक-दोन दिवसांत पुसली जाते. प्रत्येकाच्या अंगावर उमटतेच असंही नाही. म्हणून न्यायवैद्यकात घाईला किंमत आहे: वेळेत फोटो घेतला नाही तर पुरावाच उरत नाही. फाटलेल्या शर्टाचं कारणही साधं आहे. विजेचा झोत अंगावरून जाताना घाम आणि ओल यांची एकदम वाफ होते, ती कपडे फाडते, पादत्राणं उडवते. गळ्यातली साखळी तापून तिच्याखाली चटकाही बसतो.

घरातल्या शॉकच्या खुणा वेगळ्या. वायर लागली तिथे छोटासा खड्डा, कडा फिकट आणि उचललेल्या, कधी तांब्याचे सूक्ष्म कण. अंग ओलं असेल तर अनेकदा काहीच खूण राहत नाही. पंप किंवा गीझरच्या शॉकने झालेला मृत्यू नजरेतून सुटतो तो असाच.

आपल्याकडे पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, आता त्यात मोबाईलची भर पडलीय. दोन्ही खोटं. हातातला फोन वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला फोन मात्र गडगडाटात हातात घेऊ नका, कारण वीज वायरिंगमधून आत येऊ शकते. आणि कोणावर वीज पडली तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात करंट उरत नाही. श्वास चालू नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ला फोन लावा. घरातल्या शॉकमध्ये मात्र आधी मेन स्विच बंद, मगच हात.