एमिल गाले : काचेत उतरलेली मायभूमी

काच म्हणजे नित्य वापराच्या अथवा शोभेच्या वस्तूंची सामग्री, असे मानले जात असताना तिच्यातून आपल्या प्रांताचे दुःख आणि न्यायाची चाड व्यक्त करणारे कलावंत म्हणजे एमिल गाले. फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातील नान्सी शहरात ४ मे १८४६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शार्ल यांचा काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांचा व्यवसाय होता. लहानपणापासून वनस्पतिशास्त्राची ओढ असलेल्या एमिल यांनी जर्मनीतील वायमार येथे शिक्षण घेतले आणि माइझेनथालच्या कारखान्यात काचकामाची उमेदवारी केली.

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. फ्रान्सचा पराभव झाला आणि १८७१ मध्ये आल्सेससह लॉरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला. नान्सी फ्रान्समध्ये राहिले. माइझेनथाल मात्र सीमेपलीकडे गेले. ही सल गाले यांच्या कलेत कायमची वस्तीला आली. नान्सीच्या मानचिन्हातील काटेरी थिसल आणि दोन आडव्या दांड्यांचा लॉरेनचा क्रूस त्यांच्या कलाकृतींत उमटू लागला. दैवाचा खेळ असा की, १८९४ मध्ये नान्सीत स्वतःचा काचकारखाना सुरू होईपर्यंत त्यांची काच जर्मन अमलाखालील माइझेनथालच्या भट्ट्यांतच घडत होती.

काचेला शिल्पाचा दर्जा मिळवून देण्याची त्यांची महत्त्वाकांक्षा होती. एकावर एक चढवलेले रंगीत थर कोरून ते पाने, फुले, कीटक उठावात आणत. काचेतील बुडबुडे आणि धूसरपणा हे दोष मानले जात; गाले यांनी त्यांतूनच धुके आणि पाण्याचा आभास निर्माण केला. तप्त, मऊ काचेत रंगीत काचेचे तुकडे दाबून बसविण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १८९८ मध्ये घेतले. त्याआधीच, १८८९ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात, काचकामासाठी त्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते.

कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांच्या देशप्रेमाची खरी कसोटी लागली. आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती. सीमेवरच्या नान्सीत लष्कराविरुद्ध बोलणे म्हणजे देशद्रोहच समजला जाई. तरीही जर्मनीने केलेले घाव विसरू न शकणारे गाले ड्रेफस यांच्या बाजूने उभे राहिले. ग्राहक दुरावले, जुने स्नेहसंबंध तुटले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी काळ्या मानवाकृती जमिनीतून वर येत असल्याचे दाखविणारे पात्र मांडले. द्वेष आणि असत्य यांचेच ते काचेतील रूप होते.

१९०१ मध्ये त्यांनी ‘एकोल द नान्सी’ ही कलावंत आणि कारागिरांची संघटना स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वीकारले. रक्ताच्या कर्करोगाने शरीर खंगत असताना, १९०४ मध्ये त्यांनी काचेचा एक हात घडविला. समुद्रातून वर येणाऱ्या त्या हाताला शेवाळ आणि शिंपले बिलगलेले आहेत. त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी गाले यांचे निधन झाले.

ड्रेफस १९०६ मध्ये निर्दोष ठरले. गमावलेला मुलूख पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्सकडे परतला. यांतले काहीच पाहणे गाले यांच्या नशिबी नव्हते. प्रांताचा अभिमान आणि परक्यावरील अन्यायाची चीड एकाच मनात नांदू शकतात, याची साक्ष मात्र त्यांची काच आजही देते.