नांगर ते इंजिन : लक्ष्मणराव किर्लोस्कर

तासगावपासून जवळच किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांना खरे तर चित्रकार व्हायचे होते. रंगांधळेपणामुळे ते राहिले. मुंबईत यांत्रिक आरेखन शिकविल्यावर बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. पुढे लोखंडी नांगर घडविला. पण लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यातच बेळगावातील जागा सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये कुंडलनजीक निवडुंगाने भरलेला माळ दिला. तेथेच कारखाना उभा राहिला. त्यांच्या हयातीतच, १९४६ मध्ये, पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरचे ते इंजिन खोलून पुन्हा जोडणारा मिस्त्री पुढे गावोगावी तयार झाला.